तिसरा जीव

थोरले बंधू गेले तेव्हा त्यांच्या मागे चार पिढ्यांची कागदपत्रे उरली. ती सगळी आमच्या घराच्या उत्तरेकडच्या खोलीत होती. पेट्या, पिठाची रिकामी पिंपे, खोगीर ठेवायचे जुने कपाट, जागा मिळेल तिथे कागद कोंबलेले. राजाने खापरपणजोबांना नदीकाठची जहागीर दिली तिची सनद तिथे होती, तशी गिरणीच्या जात्याची पावतीही होती. आजीने लग्नाआधी आजोबांना लिहिलेले एक पत्र मला लोकरीच्या हिशेबात सापडले होते. मी ते वाचले नाही. होते तसे घडी घालून ठेवून दिले.

बंधूंचा मुलगा लुकास आता मालक झाला. मनाने वाईट नाही, पण त्याला सगळे लवकर हवे असते. वडिलांचे सुतक फिटते न फिटते तोच त्याने कनेक्टिकटहून प्रेंटिस नावाचे एक वकील आणले.

"आत्या, या खोलीत काय काय आहे ते आपल्या घरात एकालाही ठाऊक नाही," तो म्हणाला.

"उंदरांना आहे," मी म्हटले.

जुने कागद डच भाषेतले, आणि वकिलांना डच येत नव्हते. म्हणून न्याहारीनंतर मी त्यांच्याशेजारी बसून इंग्रजीत वाचून दाखवू लागले. न्याहारीनंतरच, कारण सकाळचे स्तोत्र म्हणून झाल्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही. पहिल्या दिवशी वकीलसाहेबांनी मला जिन्यात तीनदा सुप्रभात म्हटले आणि मी नुसती मान हलवली, तेव्हा ते लुकासला म्हणाले म्हणे, "तुमच्या आत्याबाई बहिऱ्या आहेत हे आधी सांगायचं होतं." पण माणूस कष्टाळू होता. यँकी, म्हणजे कनेक्टिकटकडच्या लोकांबद्दल आमच्याकडे काय काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही. महिन्याभरात त्यांनी सगळ्या कागदांचे गठ्ठे बांधले, प्रत्येकाला फीत, प्रत्येकावर चिठ्ठी. त्या खोलीत मोकळी जमीन मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मग कुळांच्या पट्ट्यांची पाळी आली.

आमच्याकडचे जुने पट्टे वर्षांवर नसतात, जिवांवर असतात. कूळ पट्टा घेताना तीन माणसांची नावे सांगते. त्या तिघांतले एक जरी माणूस जिवंत असले तरी जमीन त्या घराकडे राहते. खंडाचा गहू, चार पुष्ट कोंबड्या आणि बैलजोडीसह एक दिवसाचे काम मालकाला दिले की झाले. तिसरा जीव गेला की जमीन मालकाकडे परत. त्यामुळे कुळे एक नाव स्वतःचे घालतात, एक मुलाचे, आणि एक पाळण्यातल्या सगळ्यांत गुटगुटीत पोराचे.

फोस घराण्याच्या पट्ट्यात तीन नावे होती: तेउनिस फोस, त्याचा मुलगा यान, आणि मुलगी नेल्तिए. साल सतराशे त्रेपन्न. तेउनिस आणि यान केव्हाच गेले. नेल्तिए होती. त्या घराचे सगळे तिच्या श्वासावर चालले होते.

त्याच गठ्ठ्यात एक लहानशी चिठ्ठी निघाली. वकिलांनी ती माझ्यापुढे धरली आणि मी सरळ वाचत गेले. "तेउनिस फोस याची मुलगी नेल्तिए हिला ईस्टरनंतरच्या रविवारी वडिलांच्या बागेत, पेअरच्या झाडाखाली, मूठमाती दिली." खाली त्या वेळच्या पाळकबाबांची सही. 

"म्हणजे तिसरा जीवही संपलाय," वकील म्हणाले.

"छे हो. नेल्तिए फोस जिवंत आहे. गेल्याच आठवड्यात तिनं माझ्याकडे तंबाखू मागितला."

"मग ही कोण?"

"तिच्या आधीची. आमच्यात मूल गेलं की पुढं होणाऱ्या मुलाला तेच नाव देतात. नाव रिकामं ठेवत नाहीत."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटले असावे, पण प्रश्न त्यांनी विचारलाच. "बाईसाहेब, मग पट्ट्यातली नेल्तिए यांतली कोणती?"

चिठ्ठीवर साल नव्हते. मी ती उलटून पाहिली, खिडकीपाशी धरून पाहिली. आधीची मुलगी पट्ट्याआधी गेली असेल, तर पट्ट्यातली नेल्तिए ही आताची म्हातारी, आणि सगळे ठीक. पण ती पट्ट्यानंतर गेली असेल, तर तिसरा जीव तोच होता, आणि फोसांची जमीन केव्हाच त्यांची राहिली नव्हती.

दुपारी जेवताना वकिलांनी लुकासला सांगितले. लुकासचे डोळे चमकले. त्याला स्पेनच्या मेंढ्यांचे वेड लागले होते, आणि फोसांचे ओढ्याकाठचे कुरण पांढऱ्या लोकरीच्या स्वप्नात त्याला रोज दिसत होते.

"खंडाचा दिवस पुढच्या गुरुवारी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी बारेंट फोसला सांगून टाकू. मी त्याला उघड्यावर नाही टाकणार, आत्या. वसंतापर्यंत राहू दे की."

"आणि वसंतानंतर?"

लुकासने मांसाचा तुकडा बराच वेळ चावला.

आमच्या स्वयंपाकघरात उच्चारलेली गोष्ट तिन्हीसांजेच्या आत ओढ्यापलीकडे पोचते. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नेल्तिएचा भाचा बारेंट, त्याची बायको ख्रीत बर्फ तुडवत आली आणि थेट माझ्या खोलीत शिरली. मी गुडघ्यांवर होते. स्तोत्रे मी ओळीने म्हणते, आणि त्या दिवशी नेमके सगळ्यांत लांब स्तोत्र वाट्याला आले होते. ख्रीत रडायला लागली. मी हाताने तिला खाली बसवले आणि म्हणत राहिले. थोड्या वेळाने तिचे रडणे थांबले. मग तीही माझ्याबरोबर म्हणू लागली, तिला येत होते तेवढे, आणि येत नव्हते तिथे नुसते गुणगुणत.

आमेन झाल्यावर ती म्हणाली, "बाईसाहेब, अजून दोन कडवी असती तर माझी पोरं रस्त्यावर आली असती."

"काय ऐकलंस?"

"आमची आत्या मेलेली आहे म्हणे. अहो, मेलेली असती तर मी पहाटे उठून तिच्या पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवली असती का? तिला शिंक आली तर आमच्या घरात सगळे हातातलं काम टाकतात. जिना चढू देत नाही, गाईजवळ जाऊ देत नाही. बारेंट तर तिचा मासा स्वतः निवडतो, काटा लागेल म्हणून. आणि तिला ते ठाऊक आहे हो! लोण्याचा मोठा गोळा हवा असला की छातीवर हात ठेवून खोकते."

मला हसू आले. तिला दोन नेल्तिएंची गोष्ट समजावून सांगितली. 

"ती चिठ्ठी तुम्ही वाचलीत?" तिने विचारले.

"मी वाचली."

"नसती वाचली तर?"

"जे लिहिलं होतं ते वाचलं, ख्रीत. आता जे लिहिलं नाही ते शोधायला हवं. नेल्तिएला ठाऊक असेल का, तिची बहीण कधी गेली?"

"तिला वाचता येत नाही. साल-बिल काही कळत नाही. पण त्या थडग्याचं ती काहीतरी सांगते खरी."

मी त्याच पावली लुकासकडे गेले. तो बूट चढवत होता.

"माझं एकच मागणं आहे. कागद बघितलास, आता माणूसही बघ. आज मला फोसांकडे घेऊन चल, आणि वकीलसाहेबांनाही घे."

"आत्या, ती म्हणणारच की पट्ट्यातली मीच."

"मग ती म्हणेल आणि तू ऐकशील. तुझे वडील एवढं तरी करायचे."

 मी त्याच्यापाशी कधी काही मागत नाही, त्यामुळे नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने बर्फगाडी जोडायला सांगितली.

फोसांच्या घरी पोचलो तेव्हा दोन आडव्या फळ्यांच्या दाराची वरची फळी उघडी होती आणि तिच्यातून नेल्तिए पाइप ओढत आमच्याकडे पाहत होती. चेहरा सुकलेल्या सफरचंदासारखा, डोळे मात्र लख्ख.

"या मालक," ती लुकासला म्हणाली. "मयताला आलात? जरा लवकर आलात."

"नेल्तिए आत्या, तसं नाही..."

"तसंच आहे. तुमचा आजा दर खंडाच्या दिवशी माझी नाडी बघायचा. आधी नाडी, मग कोंबड्या. तुमचा बाप नुसता विचारायचा, काय गं, अजून आहेस का? मी म्हणायची, आहे, आणि तुम्हाला पोचवून मग जाणार. पोचवलं की नाही?"

"आत्या!" बारेंट आतून ओरडला. तो मोठा धिप्पाड गडी, पण म्हातारीपुढे खांदे पाडून उभा राहायचा.

आम्ही आत गेलो. ख्रीतने गरम साय घातलेली मक्याची लापशी पुढे केली. शुक्रवार होता आणि शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत मी काही घेत नाही, म्हणून वाटी नुसती हातात धरून बसले. हात तरी गरम झाले. वकिलांनी टोपी गुडघ्यावर ठेवून, फार नीट आणि फार हळू, आपला प्रश्न इंग्रजीत सांगितला. नेल्तिएने शेवटपर्यंत ऐकले.

"यँकी असून बोलतो बरा," ती मला म्हणाली, आणि मग त्यांच्याकडे वळली. "हे बघा वकीलसाहेब. मला साल ठाऊक नाही. मी जन्मले तेव्हा मला कोणी साल सांगितलं नाही. पण ती माझ्या आधी गेली एवढं पक्कं, नाहीतर तिचं नाव मला कसं मिळालं असतं?"

"ते मान्य. पण तुमचा जन्म पट्ट्याआधीचा की नंतरचा?"

"ते मला काय माहीत! मी पाळण्यात होते की पोटात, आई सांगायची, पण आई सगळंच सांगायची." तिने पाइपची राख झटकली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "दर वसंतात आई मला बागेत न्यायची. पेअरच्या झाडाखाली एक दगड होता. त्याच्याभोवतीचं गवत मी उपटायची. आई म्हणायची, नीट काढ, ती तुझी बहीण आहे. मला वाचता येत नव्हतं, पण पाळकबाबांनी एकदा बोट ठेवून दाखवलं, हे तुझं नाव. तेव्हापासून मला वाटायचं, मी एकदा इथं झोपले होते आणि मग उठून घरात आले."

 लुकास वाटीतल्या लापशीकडे पाहत होता.

मी विचारले, "त्या दगडावर साल होतं का गं?"

"नावाशेजारी अजून काही रेघा होत्या. काय होत्या ते मी कशाला बघू? मला माझंच नाव बघवत नव्हतं."

आम्ही सगळे बागेत गेलो. नेल्तिएला बाहेर काढायला बारेंट तयार नव्हता, थंडी बाधेल म्हणून, पण तिने खोकून नव्हे तर काठी उगारून त्याला गप्प केले. पेअरचे झाड म्हातारे, अर्धे वाळलेले. बारेंटने फावड्याने बर्फ बाजूला केला. खाली गोठलेले गवत, कुजलेली फळे. दोन लहान दगड निघाले, साधे, कोरे. मी हातमोजे काढून जमीन चाचपली. काही नव्हते.

"इथंच होता," नेल्तिए म्हणाली. "सपाट. राखाडी. एवढा रुंद. वरचा डावा कोपरा फुटलेला, यानने नांगर घातला होता तेव्हाचा."

फावडे थांबले. मी मान वर केली तर बारेंटचा चेहरा बर्फासारखा झाला होता.

"डावा कोपरा?" तो म्हणाला.

"बहिरा आहेस का? डावा."

बारेंटने टोपी काढली. त्या थंडीत त्याने टोपी काढली तेव्हाच मला कळले की काहीतरी आहे.

"आत्या, मला मारू नकोस. पलीकडच्या वर्षी गाईनं कुंपण मोडलं, तेव्हा एक दगड पालथा पडलेला होता. मला वाटलं नुसता दगड. सपाट होता, वजनाला बरा होता. मी... मी तो तळघरात नेला."

"कशाला?"

 ख्रीतने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"कशाला रे?"

"कोबीच्या पिंपात. झाकणावर ठेवायला."

नेल्तिए त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटले आता खरोखरच तिचा जीव जातो.

"माझ्या बहिणीच्या उरावर दोन वर्षं कोबी आंबवलास?"

"उरावर नाही गं, दगड वर होता आणि कोबी खाली..."

"बैला!" ती ओरडली, आणि काठी त्याच्या पाठीत बसली. "आणि मला रोज वाढत होतास! म्हणत होतास, खा आत्या, कोबीनं रक्त वाढतं!"

वकीलसाहेबांनी तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलत होते. लुकासला हसू आवरेना, तो झाडामागे गेला. मी मात्र हसू शकले नाही. दगड सापडला होता आणि आता तो बोलणार होता. काय बोलणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. चिठ्ठी जशी मीच वाचली तसा दगडही मलाच वाचावा लागणार होता. त्यावर सतराशे चोपन्न निघाले असते तर तेही मोठ्याने वाचावे लागले असते. देवा, मी मनात म्हटले, जे खरे असेल ते दाखव, पण खरे तेच बरे असू दे. अशी प्रार्थना करू नये हे मला कळते. तरी केली.

बारेंट आणि लुकास दोघांनी मिळून दगड वर आणला. मालक आणि कूळ, दोघांच्या बाह्या खाऱ्या पाण्याने भिजलेल्या, दोघांना आंबट वास. त्यांनी तो खिडकीखालच्या बाकावर ठेवला. मी खांद्यावरच्या शालीच्या टोकाने तो पुसला. बागेत राहिला असता तर शेवाळ्याने भरला असता; मिठाच्या पाण्याने अक्षरे स्वच्छ धुवून ठेवली होती. कोणीतरी घरच्याच माणसाने छिन्नीने काढलेली, वाकडी, खोल अक्षरे.

"न. फ.," मी वाचले. पुढचे आकडे मी आधी बोटाने चाचपले. वकील पुढे झाले नाहीत. ते थांबले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"सतराशे एक्कावन्न."

कोणाला लगेच कळले नाही. ख्रीत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पट्टा त्रेपन्नचा आहे," मी म्हटले. "ही पोर त्याच्या दोन वर्षं आधी गेली. मेलेल्या पोरीचं नाव कोणी पट्ट्यात घालत नाही. पट्ट्यातली नेल्तिए ही, आपल्यापुढं उभी आहे ती."

 बारेंटने भिंतीला पाठ टेकली आणि तोंडाने मोठा श्वास सोडला, बैल जू उतरवल्यावर सोडतो तसा.

लुकासने वकिलांकडे पाहिले. "आणखी काही?"

"न. फ. म्हणजे दुसरं कोणी..." वकिलांनी सुरुवात केली, सवयीने.

"आमच्या घरात 'न'च्या आम्ही दोघीच," नेल्तिए म्हणाली. "एक आत, एक बाहेर."

वकिलांनी चिठ्ठी काढली, तिच्यावरचे पेअरचे झाड मला पुन्हा वाचायला लावले, खिडकीतून त्या झाडाकडे बघितले आणि चिठ्ठी परत घडी घातली. "नाही, मालक. माझ्याकडून आणखी काही नाही. नोंदवहीत नेल्तिएबाईंच्या नावावर मी फार घाईनं रेघ मारली होती. घरी गेलो की नीट लिहितो."

"लिहा की. जिवंत, असं मोठं लिहा," नेल्तिए म्हणाली. "आणि तब्येत उत्तम."

मला लुकासची भीती वाटत होती. कुरण गेले होते, मेंढ्या गेल्या होत्या. पण त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. तो बाह्या पिळत होता आणि म्हाताऱ्या नेल्तिएकडे असा पाहत होता, जसा लहानपणी माझ्याकडे पाहायचा, चोरून जॅम खाल्ल्यावर आपल्याला कोणी मारत नाही हे कळले की.

"आत्याबाई," तो तिला म्हणाला, "मला वाटतं मी फार वाईट माणूस होणार होतो, आणि थोडक्यात राहिलो."

"अजून वेळ आहे, मालक, तुमचं वय लहान आहे," ती म्हणाली. "पण बरं झालं म्हणायचं."

मग तिला एकदम दम लागला आणि ती बाकावर बसली, दगडाच्या शेजारीच. खोटे खोकणे नव्हते ते. ख्रीत धावली. नेल्तिएने तिला हाताने दूर केले आणि बोटे दगडावरून फिरवली, त्या दोन अक्षरांवरून आणि मग रेघांवरून.

"हे साल होय," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी याला काहीच समजत नव्हते. माझ्याच शेजारी होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बिचारीला दोन वर्षं मिळाली की नाही कोण जाणे. तिचं नाव मी घेतलं. तिच्या वाट्याचं जगणंही मीच घेतलं असेल, म्हणून संपत नाही."

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात धरला. दगडाइतकाच गार आणि ओला होता तो.

बारेंट दगड परत बागेत न्यायला निघाला. जमीन गोठलेली, तरी आजच नेतो म्हणाला, म्हातारीने सांगायच्या आत. लुकास पहार घेऊन त्याच्या मागे गेला. नेल्तिए दाराच्या खालच्या फळीवर कोपरे टेकून उभी राहिली, पाइप पेटवला आणि ओरडू लागली.

"तिथं नाही! झाडाच्या या बाजूला! अरे मालक, त्याला सांगा, त्याला डावं-उजवं कळत नाही!"

"इथं का?" बारेंट.

"हं. आणि नाव वर कर. वर! दोन वर्षं पालथी पडली होती पोर, आता जरा आभाळ बघू दे."

पाळकबाबा नव्हते, म्हणून मीच बागेत जाऊन बाळासाठी दोन ओळी म्हटल्या. वकीलसाहेब टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती, तरी शेवटचे आमेन त्यांनी आमच्याबरोबर म्हटले.